कापून टाकलेली गाठ पुन्हा का येते?

पत्र:

‘डॉक्टर, सप्रेम नमस्कार. मी २५ वर्षांची आहे, कोल्हापुरात बँकेत नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी मावसबहिणीच्या लग्नात बुगडी घालायची म्हणून कानाचा वरचा भाग टोचून घेतला. भोक महिनाभर चिघळलं, मग सुकलं, आणि तीन-चार महिन्यांनी तिथं हरभऱ्याएवढी टणक गाठ आली. एका दवाखान्यात ती कापून काढली. टाके छान भरले. पण सहा महिन्यांत गाठ परत आली. आता ती बोराएवढी आहे आणि रात्री खाजते. धाकट्या भावालाही छातीवर मुरमांच्या जागी असेच आडवे, जाड वळ उठलेत. आई म्हणते, कान टोचल्यावर तू आंबट सोडलं नाहीस म्हणून हे झालं. काकू म्हणते, तुझ्या त्वचेत कोलॅजन कमी पडतंय, पावडर सुरू कर. एका डब्याला दीड हजार रुपये पडतात. दवाखान्यात म्हणतात, पुन्हा कापू. लग्न ठरलंय, नऊ महिने आहेत. ही गाठ कॅन्सरची तर नाही ना? आणि एकदा जखम भरली की शरीराला थांबायचं कळत का नाही?’

उत्तर:

अगं, आधी भीतीचं बोलू. तू लिहिलंयस त्यावरून ही केलॉइडची, म्हणजे गरजेपेक्षा जास्त वाढत गेलेल्या व्रणाची, गाठ वाटते, आणि केलॉइड म्हणजे कॅन्सर नाही. ती टोचलेल्या भोकाच्या कडा ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीवर सरकते, खाजते, कधी ठणकते, कापली तर येरे माझ्या मागल्या करत परत येते. पण रक्तातून जाऊन यकृतात किंवा फुप्फुसात बसत नाही. खात्रीचं निदान कान हातात धरून बघितल्यावरच होईल. कापलेला तुकडा तपासणीला पाठवला होता का, ते त्या दवाखान्यात विचार आणि अहवाल असेल तर मागून घे. पुढे कधी कापायची वेळ आलीच तर तुकडा तपासायला पाठवायचाच, हे आधी सांगून ठेव.

आता काकूंची पावडर. ते दीड हजार रुपये वाचव. तुझ्या कानात कोलॅजन कमी पडलेलं नाही, गरजेपेक्षा कितीतरी जास्त साठलंय. केलॉइडचा पातळ काप रंगवून मायक्रोस्कोपखाली ठेवला की हे डोळ्यांना दिसतं. निरोगी कातडीच्या आतल्या थरात कोलॅजनचे धागे बाजेच्या विणीसारखे एकमेकांना आडवेतिडवे ओलांडत जातात, त्यामुळे ताण कुठूनही आला तरी तो वाटला जातो. साध्या व्रणात ही वीण नसते, धागे बरेचसे एकाच दिशेनं शेजारी शेजारी पडलेले असतात. केलॉइडमध्ये चित्र आणखी बिघडलेलं असतं. गुलाबी रंगाचे जाडजूड, काचेसारखे एकसंध दिसणारे पट्टे कसेही पसरलेले असतात. केसांची मुळं नाहीत, घामाच्या ग्रंथी नाहीत. आणि त्या पट्ट्यांच्या फटींतून लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी दिसतात. त्या पेशी म्हणजे फायब्रोब्लास्ट. ते सगळे पट्टे त्यांनीच बनवलेत आणि त्यांचं काम अजून चालूच आहे.

शिवाय कोलॅजन हे प्रथिन आहे. ते खाल्लं की डाळीतल्या किंवा अंड्यातल्या प्रथिनासारखंच पचतं, त्याची अमिनो आम्लं आणि छोटे छोटे तुकडे होतात आणि शरीर ते लागेल तिथे वापरतं. एका कानाकडे ते धाडता येत नाही. घरात शाकाहार असेल तर हेही माहीत असू दे की पावडरीतलं कोलॅजन गाईगुरांच्या, डुकरांच्या नाहीतर माशांच्या कातडी-हाडांतून काढलेलं असतं. वनस्पतींत कोलॅजन नसतंच. ‘व्हेज कोलॅजन’ असं लिहिलेल्या डब्यात बहुतेक वेळा क जीवनसत्त्व आणि अमिनो आम्लं असतात.

तुझा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर कळलं की पुढे काय करायचं आणि काय टाळायचं ते आपोआप उलगडतं. ‘शरीराला थांबायचं कळत का नाही?’ त्यासाठी जरा कोलॅजनच्या जवळ जावं लागेल.

आपल्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी साधारण चौथा हिस्सा, किंवा त्याहून थोडा जास्त, एकट्या कोलॅजनचा असतो. कातडी, हाडं, कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी), रक्तवाहिन्यांच्या भिंती, डोळ्याचं बुब्बुळ, सगळीकडे ते आहे. तुमच्या कोल्हापुरी चपलेचं कातडं म्हणजे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कोलॅजनच. त्याच्या रेणूची रचना पहिल्यांदा आपल्याच देशात उलगडली याचा मला फार अभिमान वाटतो. १९५४ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी कोलॅजन तीन साखळ्यांच्या पिळातून बनतं हे मांडलं. शेजारीच केंद्रीय चर्म संशोधन संस्था होती, आणि तिथून त्यांना क्ष-किरणांच्या प्रयोगासाठी कांगारूच्या शेपटीतला कंडरा मिळाला होता. त्या तिन्ही साखळ्यांत दर तिसऱ्या जागी ग्लायसीन हे सगळ्यात छोटं अमिनो आम्ल बसतं. पिळाच्या आतल्या बाजूला दुसऱ्या कशाला जागाच नसते.

फायब्रोब्लास्ट हे पीळ बाहेर सोडतात, ते एकमेकांना जोडले जाऊन धागे होतात, आणि धाग्यांभोवती इतर प्रथिनं, साखरेच्या लांब साखळ्या आणि पाणी धरून ठेवणारा गर जमतो. पेशींच्या बाहेरच्या या सगळ्या पसाऱ्याला मॅट्रिक्स म्हणतात. बरीच वर्षं लोक असं समजत की खरं काम पेशी करतात आणि मॅट्रिक्स म्हणजे नुसता भराव. ही समजूत मोडली, आणि ती ज्या प्रयोगांनी मोडली ते इतके साधे आहेत की शाळेतल्या पोरांनाही कळावेत.

१९८० साली अल्बर्ट हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकोन रबराचा अतिशय पातळ पापुद्रा तयार केला आणि त्यावर जिवंत फायब्रोब्लास्ट सोडले. मायक्रोस्कोपमधून बघितलं तर प्रत्येक पेशीच्या खाली पापुद्र्याला सुरकुत्या पडलेल्या. एवढीशी पेशी, पण ती बसल्या जागेला धरून आपल्याकडे ओढत होती. त्याच्या आदल्या वर्षी यूजीन बेल यांच्या गटानं फायब्रोब्लास्ट कोलॅजनच्या मऊ जेलमध्ये मिसळून ठेवले होते. २४ तासांत तो जेल सुरुवातीच्या क्षेत्रफळाच्या २८ व्या भागाएवढा आक्रसू शकतो, असं त्यांना आढळलं. कोणी दाबलं नव्हतं, वाळवलं नव्हतं. पेशींनी धागे ओढून ओढून त्याला एवढासा केला होता.

ही ओढ लावायला पेशीला बाहेरचा धागा धरावा लागतो. तो धरतात इंटिग्रिन नावाची प्रथिनं. पेशीच्या आवरणातून ती आरपार गेलेली असतात. बाहेरचं टोक कोलॅजनला किंवा मॅट्रिक्समधल्या फायब्रोनेक्टिन या दुसऱ्या प्रथिनाला पकडतं, आतलं टोक पेशीच्या अंगातल्या तंतूंना जोडलेलं असतं. माणसात ती २४ प्रकारची आहेत आणि सगळीच एकाच गोष्टीला पकडत नाहीत. कोलॅजनला धरणारी त्यातली चारच. ज्या रिचर्ड हाइन्स, एर्की रुओस्लाहती आणि टिमोथी स्प्रिंगर यांनी ही प्रथिनं शोधून काढली, त्यांना २०२२ साली वैद्यकीय संशोधनासाठीचा लास्कर पुरस्कार मिळाला. इंटिग्रिन धाग्याला लटकून राहतात एवढंच असतं तर त्यांचं इतकं कौतुक झालं नसतं. धागा किती ताठ आहे हे पेशीला त्यांच्यामुळे कळतं. पेशी ओढते, धागा सहज ढळला तर भोवताल मऊ आहे, ढळला नाही तर टणक आहे. ओढ जोराची असली की आतल्या बाजूचं टॅलिन नावाचं प्रथिन ताणून उलगडतं, त्याला नवे जोडीदार चिकटतात, पकड आणखी घट्ट होते, आणि ही बातमी पेशीच्या केंद्रकापर्यंत जाऊन कोणती जनुकं चालू ठेवायची हे बदलते.

भोवतालच्या टणकपणाचा पेशीवर किती खोल परिणाम होतो हे २००६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दिसलं. एकाच प्रकारच्या मूळपेशी वेगवेगळ्या टणकपणाच्या जेलवर वाढवल्या. मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींसारख्या व्हायला लागल्या, स्नायूइतक्या टणक जेलवर स्नायूसारख्या, आणि त्याहून टणक जेलवर हाड बनवणाऱ्या पेशींसारख्या. खाद्य तेच, पेशी त्याच. फरक होता तो पायाखालच्या जेलचा.

आता हे तुझ्या कानावर लावू.

कान टोचला तेव्हा फटीत आधी रक्त गोठलं. मग आजूबाजूचे फायब्रोब्लास्ट तिकडे सरकले आणि त्यांनी घाईघाईनं तात्पुरतं बारीक कोलॅजन भरलं. त्यातल्या काहींनी रूप बदललं आणि अंगात स्नायूंसारखे आकसणारे तंतू तयार केले. जिनिव्हात जुलिओ गॅब्बियानी यांनी १९७१ साली या रूप बदललेल्या पेशी दाखवल्या आणि त्यांना मायोफायब्रोब्लास्ट हे नाव मिळालं. जखमेच्या कडा जवळ ओढणं हे त्यांचं काम. जखम मिटली, ताण उतरला, की त्यांतल्या बहुतेक पेशी आपणहून मरून जातात. मग उरलेल्या पेशी तात्पुरतं कोलॅजन काढून जाड, पक्कं कोलॅजन भरत राहतात. हे महिनोन् महिने चालतं. तीन आठवड्यांच्या व्रणाची ताकद मूळ कातडीच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी असते, आणि वर्षभरानंतरही ती ८० टक्क्यांच्या आसपासच थांबते.

केलॉइडमध्ये हे थांबणं होत नाही, आणि त्यामागे एक चक्र आहे. फायब्रोब्लास्टना ‘अजून कोलॅजन बनवा’ असं सांगणारा मुख्य रेणू म्हणजे टीजीएफ-बीटा. तो मॅट्रिक्समध्येच आवरणात बांधून, निष्क्रिय करून ठेवलेला असतो. मायोफायब्रोब्लास्ट इंटिग्रिननं त्या आवरणाला धरून ओढतात, आणि आवरण उघडून रेणू मोकळा होतो. भोवताल मऊ असेल तर ओढ लावली तरी सगळंच सोबत सरकतं आणि आवरण उघडत नाही. भोवताल टणक असेल तर ते ताणलं जाऊन उघडतं. म्हणजे कोलॅजन साचलं की जागा टणक, जागा टणक झाली की टीजीएफ-बीटा मोकळा, तो मोकळा झाला की आणखी कोलॅजन. तुझ्या कानातल्या पेशींना थांबायचं कळत नाही असं नाही गं. जखम अजून उघडीच आहे, असं त्यांच्या हाताला लागणारा धागा त्यांना सांगतोय, आणि त्या इमानानं काम करतायत.

मग तुलाच का, शेजारच्या मैत्रिणीला का नाही? घराण्याचा कल असतो, तुझा भाऊ त्याचा पुरावाच आहे. सावळ्या, काळ्या वर्णाच्या लोकांत केलॉइड जास्त आढळतो. वयही मोजावं लागतं. १० ते ३० या वयात त्याचा जोर असतो. आपल्याकडे कान टोचायचे ते तान्हेपणी, बारशाच्या सुमारास, आणि सोनारानंच. त्या वयात टोचलेल्या पाळ्यांना केलॉइड क्वचित येतो. २००५ साली अमेरिकेत अशा रुग्णांची पाहणी झाली, त्यातही ११ वर्षांच्या पुढे टोचलेल्या कानांना केलॉइड कितीतरी जास्त आला होता. त्यात तुझं भोक बुगडीच्या जागी, कूर्चेतून म्हणजे कानाच्या मऊ हाडातून गेलेलं. कूर्चेला रक्तपुरवठा बेताचा, तिथली जखम चिघळली तर लवकर हटत नाही, आणि जितके दिवस दाह राहील तितके दिवस फायब्रोब्लास्टना कामाचं बोलावणं येत राहतं.

भावाच्या छातीवरचे वळ आडवेच का वाढले, याचं उत्तरही ओढीत आहे. हात हलवला, वजन उचललं की छातीची कातडी डावीउजवीकडे ताणली जाते, आणि केलॉइड त्या ताणाच्या दिशेनं लांबत जातो. टोकियोचे प्लास्टिक सर्जन रेई ओगावा यांनी केलॉइडचे आकार आणि कातडीवरचा ताण यांची सांगड घालून दाखवली आहे. छातीवर, खांद्यावर केलॉइड नेहमीचा, आणि पापणीवर जवळजवळ कधीच नाही, कारण पापणीची कातडी सैल असते. कानाच्या बाबतीत ताणाचं हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही, कारण कानाची कातडी छातीसारखी ओढली जात नाही. तिथे चिघळणं, दागिन्याचं वजन, सतत काढणं-घालणं, त्या कुशीवर झोपणं, हेल्मेटचं घासणं यांचा वाटा मोठा असावा. भावाला त्वचारोगतज्ज्ञाकडे ने. मुरूम आधी आटोक्यात आणायला हवेत, कारण प्रत्येक मोठा मुरूम म्हणजे नवी जखम. तो व्यायामशाळेत जात असेल तर छातीचे जोरकस व्यायाम काही काळ कमी करायला सांग.

आता ‘पुन्हा कापू’ याबद्दल. नुसतं कापून सोडून द्यायचं असेल तर स्पष्ट नाही म्हण. फक्त कापलेल्या केलॉइडपैकी ४५ ते १०० टक्के परत येतात, असे आकडे वैद्यकीय ग्रंथांत वर्षानुवर्षं छापले जातायत. कारण आता तुलाही कळलं असेल. गाठ कापली तरी तिच्या कडेच्या पेशी तिथेच राहतात, आणि आपण त्यांच्या हातात पहिल्यापेक्षा मोठी नवी जखम देतो. नुसती कात्री चालवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

पहिला उपाय म्हणजे गाठीत स्टेरॉइडचं इंजेक्शन. औषध ट्रायमसिनोलोन, जुनं आणि स्वस्त. दर चार ते सहा आठवड्यांनी एक, असं काही महिने. ते दाह उतरवतं, फायब्रोब्लास्टचं कोलॅजन बनवणं मंदावतं, आणि बनलेलं कोलॅजन मोडायला वाव देतं. कोलॅजन मोडणारं विकर (एन्झाइम) पहिल्यांदा १९६२ साली सापडलं ते बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत. पिल्लाचा बेडूक होताना शेपटी विरघळून जाते ती याच विकरामुळे. आपल्या कातडीतही अशी विकरं असतात, आणि केलॉइडमध्ये बनणं आणि मोडणं यांचा तोल बनण्याच्या बाजूला गेलेला असतो. इंजेक्शन तो परत वळवतं. ते दुखतं, विशेषतः पहिलं, कारण टणक गाठीत औषध शिरायला जागाच नसते. पुढची कमी दुखतात. खाज बहुतेकींची गाठ बसण्याआधीच थांबते, आणि रात्रीची झोप परत मिळणं हेही मी मोठं यश मानते. तोटे लपवत नाही. त्या जागेची कातडी पातळ होऊ शकते, फिकट डाग पडू शकतो, बारीक लाल शिरा दिसू शकतात, मासिक पाळी थोडी मागेपुढे होऊ शकते. स्टेरॉइडसोबत ५-फ्लुओरोयुरॅसिल नावाचं औषधही टोचतात, पण गरोदरपणात किंवा मूल होऊ देण्याच्या काळात ते चालत नाही, त्यामुळे ते सुचवलं तर लग्नाची तारीख आणि पुढचा विचार डॉक्टरांना मोकळेपणानं सांग.

दुसरा उपाय दाबाचा. कानासाठी चिमट्यासारख्या दाबपट्ट्या किंवा दाबाची कर्णफुलं मिळतात, ती दिवसातले १२ तास किंवा त्याहून जास्त, असे महिनोन् महिने लावायची. दाबानं तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि पेशींना जाणवणारी ओढ बदलते. भाजलेल्या रुग्णांना घट्ट कपडे दिवसातले २३ तास घालायला सांगतात, तेही याचसाठी. कानाच्या वरच्या वळणावर दाबपट्टी नीट बसवणं जरा कटकटीचं असतं, माप घेऊन बनवून घ्यावी लागते. खूप घट्ट झाली तर कातडी काळीनिळी पडते, तेव्हा पहिल्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवून सैल-घट्ट करून घे. सिलिकोनची पट्टी तुझ्या कानावर चिकटणार नाही, पण भावाच्या छातीसाठी ती चांगली. रोज १२ तासांच्या वर आणि निदान दोन-तीन महिने, तरच उपयोग.

एवढं करूनही गाठ बसली नाही तर कापता येतं, मात्र पुढची तयारी आधी ठरवून. कापल्यानंतर लगेच इंजेक्शनांचा क्रम सुरू करायचा, किंवा पहिल्या एक ते तीन दिवसांत किरणोपचार सुरू करायचे. किरणोपचार ऐकून दचकू नकोस. मात्रा बेताची असते, जागा एवढीशी असते, आणि त्वचा, प्लास्टिक सर्जरी व किरणोपचार असे तिन्ही विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात ते व्यवस्थित होतं. गरोदर असताना मात्र करत नाहीत. नंतर दोन वर्षं तरी नजर ठेवावी लागते. लग्नाच्या तोंडावर कापणं नको. नऊ महिने आहेत, ते इंजेक्शन आणि दाबाला दे. बोराएवढी गाठ या काळात बरीच खाली बसू शकते.

घरगुती उपायांत एक गोष्ट हात जोडून सांगते. चुना आणि सोडा, अॅसिड, बिब्बा, दोरा बांधून गाठ गळवणं, यातलं काहीही करू नकोस. चामखिळीवर लोक हे करतात आणि कधी निभावतं. केलॉइडवर केलं की भाजलेली नवी जखम होते, आणि त्या जखमेवर नवा केलॉइड. सुईनं टोचून ‘पाणी काढणं’ही नको, आत पाणी नसतंच.

आणि आईचं आंबट. आईंना माझा नमस्कार सांग आणि सांग की आंबट खाल्ल्यानं केलॉइड होत नाही. उलट जखम भरायला क जीवनसत्त्व लागतंच. फायब्रोब्लास्ट कोलॅजनच्या साखळ्या बनवतात तेव्हा त्यातल्या प्रोलिनवर एक छोटा बदल करावा लागतो, आणि तो करणारं विकर क जीवनसत्त्वाशिवाय चालत नाही. तो बदल झाला नाही तर तीन साखळ्यांचा पीळ शरीराच्या तापमानाला टिकत नाही. जुन्या काळी जहाजांवर महिनोन् महिने ताजं फळ न मिळालेल्या खलाशांना स्कर्व्ही व्हायचा, तो यामुळेच. १७४० साली जॉर्ज अॅन्सन यांचा इंग्रजी तांडा जगप्रदक्षिणेला निघाला. त्यातल्या एका म्हाताऱ्या सैनिकाची हकिकत लिहून ठेवलेली आहे. १६९० च्या आयर्लंडमधल्या बॉइनच्या लढाईत त्याला झालेल्या जखमा ५० वर्षांपूर्वी भरून गेल्या होत्या. स्कर्व्ही झाल्यावर त्या पुन्हा उघडल्या, जणू कधी भरल्याच नव्हत्या. मी ही हकिकत विद्यार्थ्यांना नेहमी सांगते, कारण व्रण म्हणजे मेलेला डाग नाही हे तिच्याइतकं चांगलं दुसऱ्या कशानं पटत नाही. ५० वर्षांच्या व्रणातही पेशी जुनं कोलॅजन मोडून नवं भरत होत्या, आणि नवं बनेना तेव्हा व्रणच सुटला. तुझ्यासाठी त्यात धीर आहे. जे रोज मोडलं आणि बनवलं जातं, त्याचा तोल बदलता येतो. तेव्हा पेरू खा, आवळा खा, वरणावर लिंबू पिळ. एक मध्यम पेरू दिवसाच्या गरजेपेक्षा जास्त क जीवनसत्त्व देतो, त्यासाठीही गोळ्या-पावडरी नकोत.

लग्नातल्या दागिन्यांचं आत्ताच ठरवून टाक. अंगावर नवं भोक कुठेही पाडायचं नाही. ना दुसऱ्या कानाला बुगडीसाठी, ना नाकाला नथीसाठी. नथ आणि बुगडी दोन्ही चापाच्या मिळतात. ओळखीच्या सोनाराला सांगितलंस तर आजीची जुनी बुगडी चापावर बसवून देईल. ती चांगल्या कानाला घाल, आजारी कानाला त्या दिवशीही काही नको. सासरी कुणी ‘हौस म्हणून टोचून घे’ म्हटलं तर डॉक्टरांनी मना केलंय म्हणून सांग, माझं नाव सांगितलंस तरी चालेल. गोंदवून घ्यायचं मनात असेल तर तेही नको. पुढे कधी कोणतीही शस्त्रक्रिया ठरली, अपेंडिक्सची असो की सिझेरियन, तर आपल्याला केलॉइड होतो हे सर्जनना आधी सांगायचं, म्हणजे टाके घालताना कातडीवर ताण कमी राहील असं ते बघतील आणि नंतर पट्टी कोणती लावायची ते पहिल्या दिवसापासून ठरेल. गरोदरपणात केलॉइड पुन्हा डोकं वर काढू शकतो, तेव्हा खाज सुरू झाली की थांबू नकोस, लगेच दाखव.

या आठवड्यातच सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या त्वचा विभागात किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे वेळ घे. जाताना भावालाही सोबत ने, एकाच खेपेत दोघांचं काम होईल.